बिनखोट

शिदोजी आबांना वाईट माणूस म्हणून मोकळं व्हावं, असं मला आजवर पुष्कळदा वाटलं आहे; पण जीभ रेटत नाही. चांगला माणूस म्हणायला तर त्याहूनही रेटत नाही. उभ्या बारामती तालुक्यात त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि इतका सरळपणा पुन्हा कुणात पाहायची माझी इच्छाही नाही.

पणदऱ्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली, ती पन्नास सालानंतर लगेचच. एकट्या बाईमाणसानं राहायचं कुठं, हा प्रश्न हेडमास्तरांनी झटक्यात सोडवला. आबांच्या घरात बायकामाणसं आहेत, दारात कुत्री आहेत, चोराचिलटाचं भय नाही, तेव्हा तिथली पुढची खोली घ्या, म्हणाले. कुत्र्यांचं त्यांनी जाता जाता सांगितलं. खरं म्हणजे घर कुत्र्यांचंच होतं, आणि आबा, अनसाकाकी आणि त्यांची एकुलती एक लेक हौसा ही तिघं त्या घरात कुत्र्यांच्या सोयीसाठी राहत होती.

कुत्री कारवानी. उंच, सडपातळ, तोंड लांब, पोट पाठीला लागलेलं. नवखा माणूस बघून म्हणायचा, काय उपाशी मारलीत हो जनावरं. एका नव्या पोस्टमननं आबांना तसं तोंडावर सुनावलं होतं. आबांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं आणि कुत्र्याच्या फासळ्या दिसणं म्हणजे उपासमार नव्हे, तर त्याची घडणच तशी, हे इतक्या निगुतीनं समजावून दिलं की त्या दिवशी गावात टपालच वाटलं गेलं नाही. ससा उठला की ही कुत्री जमिनीला पाय न लावता गेल्यासारखी जायची. आबांच्या वडिलांनी म्हणे फिरत्या व्यापाऱ्यांच्या तांड्याकडून एक कुत्री मिळवली होती, तिथून हे घराणं सुरू झालं. पाव्हणे आपापल्या आज्यापणज्यांची नावं विसरत. पण दारातल्या कुत्र्याची आई कोण, आजी कोण, ती कशानं मेली, हे आबा झोपेतही सांगत.

कालव्याच्या पाण्यावर ऊस होता, कांदा होता, गोठ्यात दुभती गाय होती. पण घरात चहा कोरा. दूध आधी व्यायलेल्या कुत्रीला, मग पिलांना, मग वासराला, आणि त्यातून उरलं तर माणसांना. उरत नसे. लांबच्या गावी एखादा चांगला नर आहे असं कळलं, की आबा हातातलं काम टाकून कुत्रीला घेऊन पायी निघत. एसटीत कुत्रं घेत नाहीत म्हणून पायी. जतच्या बाजूला जाऊन, तिथला नर पाहून, त्याच्या कानात काहीतरी खटकलं म्हणून तसेच परत येताना मी त्यांना पाहिलं आहे. पायाला फोड आले होते. काकींनी विचारलं तर म्हणाले, नर देखणा होता, पण हाक मारल्यावर उशिरा वळला. त्या साली उसाला पाणी वेळेवर मिळालं नाही ते वेगळंच.

हे ऐकून कुणालाही वाटेल, मुक्या जनावरांवर काय माया. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. मग एका सकाळी अनसाकाकी चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवत होत्या. आदल्या दिवशी एक कुत्री व्यायली होती. मी मनात म्हटलं, बाळंतिणीला शेकायला पाणी दिसतंय. आबांनी त्यात बोट घालून पाहिलं, थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा बोट घातलं आणि ते पाणी परसातल्या रॉकेलच्या रिकाम्या डब्यात नेऊन ओतलं. मग पिलांच्या टोपल्यातून एकेक पिलू उचलून त्यांनी पाहिलं. टाळू चाचपली, पायाची हाडं चाचपली, शेपटी मागच्या पायांतून वर घेऊन कुठवर पोचते ते पाहिलं. काही पिलं टोपल्यात परत गेली. बाकीची डब्यात.

पाणी कोमट कशाला, असं मी कसंबसं विचारलं. गार पाण्यात जीव जास्त तडफडतो, असं ते म्हणाले. आवाज वरणाला फोडणी कशाची घालावी हे सांगताना असतो तसा.

त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या जेवणावर लक्ष ठेवलं. वाटलं, निदान घास तरी अडकेल. नेहमीसारखे जेवले, वर कांदा मागून घेतला. अनसाकाकी मला पुढं परसात म्हणाल्या, "पुढल्या जल्मी देवानं मला ह्यांच्या घरी कुत्री करावं, बाई. दूध तरी मिळंल. पर बिनखोट करावं, न्हायतर डब्यात जायची." हसल्याही. त्या घरात विनोद असा होता.

पिलू आबा विकत नसत, नारळावर देत. मुलगी देतात तसं. घेणाऱ्यानं नारळ आणायचा, देवापुढं ठेवायचा आणि पिलू न्यायचं. पण त्याच्या आधी आबा त्याच्या घरी जाऊन येत. गोठा बघत, पाण्याची जागा बघत, बैलाच्या मानेवर जखम आहे का बघत, आणि घरातली पोरं बापाला बघून अंग चोरतात का, तेही बघत. पिलात जी काही बारीकसारीक उणीव असेल ती नारळ ठेवायच्या आधी सांगत. हिच्या आईला दूध कमी होतं. ह्याचा मामा पाण्याला भीत होता. ऐकणाऱ्याला वाटे, हा देतोय की देत नाही म्हणतोय. आणि दिल्यावरही सुटका नव्हतीच. वर्षातून एकदा आबा न कळवता त्याच्या दारात उभे.

इंदापूरकडं एक मोठे बागाईतदार होते. जीपगाडी, ग्रामोफोन, पुण्यामुंबईची ऊठबस. त्यांना आबांनी एक कुत्री दिली होती. वर्षानं गेले तर कुत्री भर उन्हात फाटकाला आखूड साखळीनं बांधलेली, आणि मालक अभिमानानं सांगतायत की मित्राच्या अल्सेशियनकडून लावून घेतली आहे, पिलं झकास होतील. आबांनी साखळी सोडली, कुत्रीला पाणी पाजलं आणि तिला घेऊन चालू लागले. मालक मागून चोर चोर म्हणून ओरडत आले, गडी धावले. आबा थांबून म्हणाले, इकली असती तर चोरी, मी तर दिली व्हती. आणि आपला नारळ पोचता करतो, असंही म्हणाले. खरोखरच दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर नारळ पाठवला. ही गोष्ट गावात पोवाड्यासारखी सांगितली जाई, पण पुढचा भाग कुणी सांगत नसे. त्या कुत्रीला पुढं जी पिलं झाली ती खरंच झकास होती. गुटगुटीत, काळीभोर. शाळेतल्या पोरांनी मागणी घातली होती. सगळीच्या सगळी डब्यात गेली.

माणूस असा का होतो, हे मला अनसाकाकींनी सांगितलं. आबा विशीत असतानाची गोष्ट. त्यांच्या वडिलांनी इंदापूरच्या माळावरच्या एका धनगराला कुत्रं दिलं होतं. त्या कुत्र्याला लहानपणी एकदा फेफरं आलं होतं. वडिलांना ठाऊक होतं, आबांनाही. पण एकदाच तर आलं, आणि कुत्रं दिसायला राजबिंडं, म्हणून सांगितलं नाही. पुढं त्या कुत्र्याला मेंढरांच्या वाड्यावर झटका आला, आणि उठलं ते ओळख विसरूनच. शेजारी धनगराचं रांगतं पोर होतं. धनगर त्या कुत्र्याला दोरी लावून पणदऱ्यापर्यंत चालवत घेऊन आला, दारातल्या खुंटीला बांधलं, पोर गेलं एवढं सांगितलं, पाणी प्याला आणि आला तसा गेला. शिवी नाही, शाप नाही. वडिलांनी त्यानंतर कुत्र्यांना हात लावला नाही. आबांनी लावला, पण अशा रीतीनं.

आता मुद्द्याचं. हौसाला लहानपणी फेफरं येई.

हौसा मी गेले तेव्हा लग्नाच्या वयाची होती. उंच, सावळी, कामाला वाघ. कुत्री आबांपेक्षा तिचं जास्त ऐकत. मोठी झाल्यावर झटके थांबले होते. मी त्या घरात होते तेवढ्या काळात एकही आला नाही. मी तिला वाचायला शिकवलं, तर ती महिन्याभरात माझ्याच चुका काढायला लागली. तिला लग्न हवं होतं. आजकालच्या गोष्टीत पोरींना भलतंसलतं काय काय हवं असतं. हौसाला नवरा, दोन पोरं आणि आपल्या हातानं दुधाचा चहा करून पिण्याचं घर हवं होतं. हे तिनं मला सरळ सांगितलं होतं, कारण त्या घरात सगळेच सरळ सांगत.

स्थळं यायची. कांदेपोहे व्हायचे, मुलगी पसंत पडायची, आणि मग आबा खाकरून बसायचे. पिलाची उणीव सांगावी तसं फेफऱ्याचं सांगायचे. कधी सुरू झालं, झटका किती वेळ टिके, तोंडाला फेस येई का. पाव्हण्यांचे पोहे घशात अडकायचे. चपला घालता घालता ते म्हणायचे, कळवतो. कळवायला कोण येतंय. अनसाकाकी भिंतीला डोकं टेकून बसायच्या. एकदा त्यांनी नवऱ्याचे पाय धरले, एवढं एक खोटं बोला, पाप माझ्या डोक्यावर, म्हणून. आबांनी पाय सोडवून घेतले आणि धनगराच्या पोराचं नाव काय होतं ते विचारलं. काकींना ठाऊक नव्हतं. आबांनाही नव्हतं. मला ठावं न्हाय तेच तर, एवढंच ते म्हणाले.

मी त्यांना बारामतीच्या डॉक्टरांकडं जायला भाग पाडलं. डॉक्टर म्हणाले, झटके बंद झालेत, लग्नाला हरकत नाही. पोरांत उतरेलच असं काही नाही, पण खात्री कुणीच देणार नाही. मी येताना आनंदात. घरी आल्यावर आबा म्हणाले, डॉक्टरनं उतरनार न्हाय असं म्हटलं न्हाय, बाई. खात्री न्हाय म्हटलं.

आणि मग सोपान आला. तो आला होता कुत्र्यासाठी. इंदापूर तालुक्यातला, कालव्याच्या कडेला त्याची कलिंगडं होती आणि कोल्हे त्यांत रात्रभर मेजवान्या झोडत. आबांनी त्याला हेलपाटे घालायला लावले. आज पिलं लहान आहेत, पुढच्या खेपेला बघू, अजून दात यायचेत. तो दर खेपेला हसत येई. एवढे हेलपाटे माणूस कुत्र्यासाठी घालत नाही, हे आबा सोडून सगळ्यांना कळलं होतं. आबा त्याचं घर बघून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणाची तारीफ करताना ऐकलं. पोरगा तहानेला असला तरी आधी बैलाला पाजतो, म्हणाले. त्याला आपल्या घराण्यातला उत्तम नर दिला.

पुढच्या महिन्यात सोपान मामाला घेऊन आला. नारळ याही वेळी होता. आबांना उमगायला वेळ लागला. उमगल्यावर ते खाकरून बसले आणि नेहमीचं सगळं सांगितलं. मामा चुळबुळ करायला लागला. सोपान म्हणाला, "मला ठावं हाय, आबा. हौसानंच सांगितलंय. फेपरं आलं तर मी धरीन की."

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. माजघराच्या दाराआड हौसाचं लुगडं दिसत होतं. अनसाकाकींनी गूळ आणायला हात फडताळाकडं नेला होता. मला वाटलं, संपलं. उणीव सांगून झाली, घेणाऱ्यानं ती पत्करली, आता आबांच्याच न्यायानं आबांना बोलायला जागा नाही.

आबा अगदी मऊपणानं म्हणाले, "तू राजी हायस. तुझा मामा राजी हाय. माझी पोरगीबी राजी असंल. पर ज्यानं हिच्या पोटी यायचं, त्याला कुणी इचारलं?"

माझं डोकं फिरलं. ज्याला कुत्रं द्यायला माणूस पसंत, त्याला पोरगी द्यायला का नाही, असं काय काय मी बोलले. पाव्हण्यांच्या देखत बोलले. शेवटी म्हटलं, आबा, ही माणसं आहेत, कुत्री नव्हेत.

"म्हनूनच, बाई," आबा म्हणाले. "कुत्र्याला डब्यात घालता येतं."

सोपान उठला. त्यानं नारळ तिथंच ठेवला होता, तो आबांनी त्याच्या हातात दिला. दारातून बाहेर पडताना त्यानं एकदा आत बघितलं. हौसा दाराआड नव्हती. ती परसात जाऊन कुत्र्यांना भाकरी कुस्करत होती. रात्री मी तिला म्हटलं, रडून घे. ती म्हणाली, त्यानं बापाशी भांडायला पायजे व्हतं, बाई. मी म्हटलं, तू का नाही भांडलीस? ती म्हणाली, काय म्हनू? आबा खोटं कुठं बोलले?

सोपाननं वर्षभरानं दुसरीकडं लग्न केलं. इथवर दुनियेत होतंच असतं. पण आबांचा नेम चुकला नाही. वर्षातून एकदा आपल्या कुत्र्याला बघायला ते सोपानच्या घरी गेले. सोपाननं त्यांना जेवू घातलं. परत आल्यावर ओट्यावर पाय धूत, हौसा पाणी ओतत असताना, त्यांनी सांगितलं की कुत्रं मजेत आहे, अंगानं भरलंय, आणि सोपानची बायको चांगली धट्टीकट्टी आहे, तिला दिवस गेलेत. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. अजूनही आठवलं की वाटतं. ते हिणवत नव्हते हो. ते हौसाला चांगली बातमी देत होते. हौसानं तांब्या खाली ठेवला आणि कुत्र्याच्या पायाची नखं वाढलीत का, असं विचारलं.

माझी बदली जळोचीला झाली आणि येणंजाणं तुटलं. अनसाकाकी वारल्याचं कळलं तेव्हाही जाता आलं नाही. पुढचं दशकही सरता सरता कोऱ्हाळ्याला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले होते, तेव्हा परतताना वाट वाकडी करून पणदऱ्याला उतरले.

दुपारची वेळ होती. आबा ओट्यावर बाजेवर पडलेले. अर्धांगवायूनं डावं अंग गेलं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं. धोतराच्या ओच्यात एक पांढरं पिलू झोपलं होतं आणि उजव्या हाताचा पंजा त्यांनी त्याच्यावर पालथा ठेवला होता. मला ओळखलं. बोललेलं नीट कळत नव्हतं म्हणून मी वाकले.

"बाई, बरं झालं आलात. तुमी सांगा हौसाला. ती ऱ्हाऊ द्यायची न्हाय ह्याला."

पिलाला ऐकू येत नव्हतं. मी टाळी वाजवून पाहिली. ते हललं नाही. आबांच्या बोटाला मात्र चाटून पुन्हा झोपलं. आबा म्हणाले, ऊब लागती त्याची. त्या तोंडातून मी हे ऐकते आहे, यावर माझा विश्वास बसेना.

हौसा परसातून आली. केस पांढरे व्हायला लागले होते. मला पाहून मनापासून हसली, बसा म्हणाली, आणि वाकून आबांच्या ओच्याकडं हात नेला. आबांनी पंजा आवळला. मी म्हटलं, हौसा, राहू दे गं. कुणाला देऊ नको, लावू नको, पण म्हाताऱ्याजवळ राहू दे. दारात पडलेलं असेल. तुझं काय खातंय?

हौसानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"खायला कमी न्हाय, बाई. दोन येळा भाकरी मिळंल, कुनी मारनार न्हाय. आनि बाकीची पिलं नारळावर आपापल्या घरी जातील, त्ये ह्येनं हितनं बघायचं, मरंस्तवर. मी नगं म्हनती त्ये त्याच्यासाठीच. मला ठावं हाय त्ये."

तिनं आबांची बोटं एक एक करून सोडवली. घाई केली नाही, दुखवलं नाही. पिलाला पदरात घेतलं आणि परसात गेली.

मी आबांकडं बघायचं टाळलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "गेली?"

मी हो म्हटलं.

"रडत व्हती का?"

मी परसाकडं बघितलं. हौसा पाठमोरी वाकली होती. खांदे स्थिर होते. नाही, म्हटलं.

"न्हाईच रडायची," आबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.